हक्काची हद्द कशी ठरते?

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें प्रत्येक नागरिकास आपल्या पसंतीचा धंदा करण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. परंतु त्याच अनुच्छेदांत पुढें असेंही म्हटलें आहे कीं, सर्वसाधारण जनतेच्या हितासाठीं सरकारास त्यावर वाजवी निर्बंध घालतां येतील. वाजवी म्हणजे किती, हें न्यायालयें कशीं ठरवितात तें आपल्याच किनाऱ्यावरील एका तंट्यावरून बालवाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मालवण, देवबाग, आचरा या गांवीं रापण न पाहिलेलें मूल विरळा. होडी पाण्यांत अर्धवर्तुळाकार जाळें सोडीत जाते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसें ओढतात आणि मासळीचे वाटे होतात. मासळी किनाऱ्यास येईल तेव्हांच रापणकराचें पोट भरणार. पर्ससीन जाळें यांत्रिक नौकेवरून सोडतात. तें बांगड्याच्या वा तारलीच्या थव्यास चहूंकडून वेढतें व तळाचा दोर आवळतांच बटव्याच्या तोंडासारखें मिटतें. मग आमच्यासाठीं उरतें काय, असें रापणकर विचारतो. समुद्र सर्वांचा आणि माझाही हा धंदाच, असें पर्ससीनवाला म्हणतो. दोघांचीं मुलें शाळेंत एकाच बांकावर बसतात, आणि खरें सांगावयाचें तर दोघांचेंही म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं.

असाच वाद केरळांत उद्भवला. तेथील सरकारनें १९८४ सालीं किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारें २२ किलोमीटरांच्या आंत पर्ससीनसारख्या जाळ्यांस मनाई केली. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली. यांत्रिक नौकेस त्या हद्दीपलीकडे जातां येतें, गरीब मच्छीमाराच्या होडीस येत नाहीं. म्हणून एकाचा धंदा पुढें सरकतो, दुसऱ्याचा मात्र बुडाला असता.

याच्या उलट एक जुना निकाल आहे. शेतीच्या हंगामांत मजूर शेतावर यावेत म्हणून मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या कायद्यान्वयें सागर जिल्ह्यांतील कांहीं गांवांत विड्या वळण्यास बंदी झाली. हेतु चांगला, पण म्हातारे व अपंग, ज्यांच्या हातून नांगर चालणें शक्यच नव्हतें, त्यांचाही घांस त्या बंदीनें काढून घेतला. कामाचे तास नेमूनही जें साधलें असतें त्यासाठीं सरसकट बंदी अतिरेकी होय, असें म्हणून १९५० सालीं न्यायालयानें ती रद्द केली. पुढें १९५२ सालीं त्यानें सांगितलें कीं, सर्व प्रसंगांस एकच माप लागत नाहीं. हक्क कोणता, अनिष्ट किती मोठें व किती तांतडीचें, आणि उपाय त्याच्या प्रमाणांत आहे कीं नाहीं, हें प्रत्येक वेळीं पाहावें लागतें.

हें प्रमाण किती बारकाईनें मोजतात पाहा. तामिळनाडूच्या बंदीवरील दाव्यांत जानेवारी २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अंतरिम आदेश दिला: पर्ससीन १२ सागरी मैलांपलीकडेच, तेंही सोमवारीं व गुरुवारीं, सकाळीं ८ ते सायंकाळीं ६ पर्यंत.

आपल्या महाराष्ट्र सरकारनेंही ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीनवर बंधनें घातलीं. मात्र पाण्यावर रेघ दिसत नाहीं. तीं बंधनें पाळलीं जातात कीं नाहीं, हें मत्स्यव्यवसाय विभागास पाहावें लागतें.