फोनला खरंच कळतं का? संगणक आणि जाणिवेचा प्रश्न



माझं गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात. मागच्या दिवाळीला गावी गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर काका अंगणात खाटेवर बसून फोनवर बोलत होते. वाटलं, आत्याचा फोन असेल. जवळ गेलो तर ते एका एआय चॅटबॉटशी बोलत होते, तेही आपल्या मराठीत.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन पाण्याखाली गेलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण पेरणीसाठी बाहेरून किती पैसे उसने घेतले, हे काकांनी काकूलाही सांगितलं नव्हतं. फोनला मात्र सांगितलं होतं. आणि फोन म्हणत होता, "तुमचं दुःख मला समजतं."

काकांनी मला विचारलं, "ह्याला खरंच कळायलंय का रे?"

मी संगणकाचं शिकलेला. "नाही हो काका, ते नुसतं सॉफ्टवेअर आहे," म्हणून मोकळा झालो. त्यावर ते म्हणाले, "तुला कसं माहीत?" आणि मी गप्प बसलो. तेव्हा जे नीट सांगता आलं नाही, ते आज सांगतो.

हुशारी वेगळी, जाणीव वेगळी

आधी एक गल्लत दूर करू. शेतात ठिबकला जोडलेला सेन्सर असतो. जमिनीतला ओलावा कमी झाला की तो ओळखतो आणि मोटार चालू करतो. पण त्याला तहान लागत नाही. बैलाला तहान लागते. सेन्सर माहितीवर काम करतो, बैलाला आतून काहीतरी वाटतं. या 'आतून वाटण्याला' जाणीव म्हणतात.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शेतीसाठी ड्रोन आणि रोबोटवर काम झालं आहे. असं यंत्र पिकावरचा रोग माणसापेक्षा लवकर ओळखू शकेल. ती झाली हुशारी. पिवळं पडलेलं पान बघून त्याच्या पोटात गोळा येतो का, हा वेगळा प्रश्न आहे. मेंदूतल्या विजेच्या संदेशांतून हे 'वाटणं' कसं तयार होतं, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. तो अजून सुटलेला नाही.

मग फोन "समजतं" का म्हणतो?

चॅटबॉटच्या मागे असतं भाषेचं मॉडेल. त्याला माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर दाखवतात आणि एकच काम शिकवतात: पुढचा शब्द ओळख. "पोळ्याच्या दिवशी बैलांना..." इथपर्यंत वाचलं की पुढे काय येईल? 'सजवतात' येण्याची शक्यता जास्त, 'विमानात' येण्याची जवळपास नाही. या शक्यता अब्जावधी आकड्यांच्या रूपात मॉडेलमध्ये साठतात. मग माणसं त्याची उत्तरं तपासतात आणि जी आवडतात त्यांना जास्त गुण देतात. मॉडेल तशी उत्तरं द्यायला शिकतं.

आता बघा. एखाद्याने आपलं दुःख सांगितलं की माणसं काय लिहितात? "समजू शकतो", "धीर धरा". मॉडेलने तेच वाचलंय, आणि तपासणाऱ्यांनाही तेच आवडलंय. म्हणजे त्याला काही वाटत असो वा नसो, वाक्य तेच येणार. म्हणूनच ते वाक्य पुरावा म्हणून चालत नाही.

फसणारे आपण पहिले नाही

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा साधा प्रोग्राम जगासमोर आणला. समोरच्याचं वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढंच त्याला यायचं. तरी त्यांची सेक्रेटरी त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? प्रोग्राम कसा बनतोय, हे तिने महिनोन् महिने पाहिलं होतं!

२०२२ मध्ये गूगलचे इंजिनिअर ब्लेक लेमॉइन यांनी 'लॅम्डा' या चॅटबॉटला जाणीव आहे असा जाहीर दावा केला. गूगलने तो फेटाळला आणि पुढे त्यांना कामावरून काढलं. तेव्हा आमच्या काकांना भोळं म्हणायचं काही कारण नाही.

पण पुढे कधी होईल का?

इथे जाणकारांत दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते, मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्या एकमेकींना संदेश पाठवतात. महत्त्वाची आहे ती रचना. तीच रचना चिपवर उभी केली तर जाणीव का येऊ नये?

दुसरी बाजू अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये मांडली. संगणकात वादळी पावसाची नक्कल चालवली म्हणून कोणी भिजत नाही, असं ते म्हणाले. आपल्या भाषेत सांगायचं तर, हवामानाच्या मॉडेलने परभणीवर कितीही पाऊस पाडला तरी आमच्या शेतात चिखल होत नाही. तसंच विचारांची नक्कल म्हणजे विचार नव्हे. यावर पहिल्या बाजूचं उत्तरही चोख आहे: पावसाची नक्कल ओली नसते हे खरं, पण संगणकाने केलेली बेरीज ही खरीच बेरीज असते. मग जाणीव पावसासारखी आहे की बेरजेसारखी? सगळं भांडण इथे येऊन थांबतं.

२०२३ मध्ये १९ संशोधकांनी एक अहवाल काढला. जाणिवेबद्दलच्या वैज्ञानिक सिद्धांतांवरून त्यांनी १४ खुणा ठरवल्या आणि त्यावर एआय तपासलं. निष्कर्ष असा, की तेव्हाच्या कुठल्याही एआयला जाणीव असल्याचं त्यातून दिसत नाही. पण या खुणा असलेलं यंत्र बनवण्यात मोठी तांत्रिक अडचणही दिसत नाही. म्हणजे आज नाही, उद्याचं दार उघडं.

बैल आणि चॅटबॉट

आपल्याकडची एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. पण त्या आख्यायिकेत त्याआधी एक प्रसंग सांगतात: रेड्याला मारलेल्या चाबकाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. रेडा बोलला ते नंतर. त्याला लागतं, हे आधी.

बैल एक शब्द बोलत नाही, तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे मळतो. कारण त्याला नसा आहेत, मेंदू आहे, जखम झाली की तो तो पाय टेकवत नाही. शरीराने तो आपलाच दूरचा नातलग आहे. त्याच्याकडे शब्द नाहीत, पण बाकी पुरावा भरपूर आहे. चॅटबॉटचं नेमकं उलटं. त्याच्याकडे शब्द भरपूर, पण तेही आपल्याकडूनच घेतलेले.

दुसऱ्या दिवशी काकांना मी एवढंच सांगितलं: "काका, कधीच होणार नाही असं मी म्हणत नाही. पण आज ह्याच्या 'समजतं' म्हणण्यावर जाऊ नका. फवारणीचं विचारा, पीकविम्याचा अर्ज कसा भरायचा ते विचारा, आणि उत्तर एकदा कृषी सहायकाकडून तपासून घ्या. शिवाय तुम्ही जे बोलता ते कंपनीच्या सर्व्हरवर साठू शकतं, हेही ध्यानात ठेवा."

काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी काकूला उसन्या पैशांचा आकडा सांगितला. काकू आधी भांडली, मग दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या पाटल्या हायत की."

फोन एकदाही चिडला नव्हता. काकांनी नंतर मला तेच सांगितलं: "हिला लागलं रे. त्याला काहीच लागलं नव्हतं."