साधे ऑइल की सिंथेटिक?

मोटारसायकल सर्व्हिसिंगला दिली की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘साहेब, ऑइल साधं टाकू की सिंथेटिक?’ दोन्ही डब्यांच्या किमतीत बऱ्याचदा दुपटीचा फरक असतो. महाग ते चांगले, असे मानून कुणी सिंथेटिकला होकार देतो. तर इतकी वर्षे गाडी साध्या ऑइलवर चालली, आता काय बिघडणार, म्हणून कुणी नकार देतो. दोन्ही निर्णय अंदाजानेच घेतलेले असतात. चूक झाली तर तिची किंमत मात्र डब्यांच्या फरकापुरती राहत नाही. वंगणाअभावी पिस्टन जाम झाला, तर इंजिन उघडण्याचा खर्च हजारोंच्या घरात जातो आणि ज्याची रोजची कमाई गाडीवरच अवलंबून आहे, त्याचे तेवढे दिवस बुडतात.

एक ऑइल, तीन कामे

मोटारीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे ऑइल वेगवेगळे असते. बहुतेक मोटारसायकलींत मात्र पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांचीही सेवा एकच ऑइल करते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर असते. त्यातच हवेने थंड होणारे इंजिन वाहतूककोंडीत अडकले की त्याला पुरेसा वारा मिळत नाही आणि ऑइल अधिक तापते. दुसरीकडे गिअरचे दात ऑइलमधील दाटपणा टिकवणारे लांब रेणू सतत कातरत असतात. त्यामुळे काही हजार किलोमीटरनंतर ऑइल पातळ होते आणि गिअर अडखळू लागतात.

फरक नेमका कशात?

साधे, म्हणजे मिनरल ऑइल, कच्च्या खनिज तेलाचे शुद्धीकरण करून मिळते. त्यातील रेणू लहान-मोठे असतात आणि मेण, गंधक यांचा अंशही उरतो. सिंथेटिक ऑइलमधील रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले आणि बरेचसे एकसारखे असतात. त्यामुळे ते उष्णतेने लवकर खराब होत नाही, त्याची वाफ कमी होते आणि तापमान बदलले तरी दाटपणा फारसा बदलत नाही.

तथापि, ‘सिंथेटिक’ या एका शब्दाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात. एक, इथिलिन वायूपासून तयार केलेले पॉलिअल्फाओलेफिन. दुसरा, खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळवलेले तेल. दुसऱ्याला सिंथेटिक म्हणावे की नाही, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला. १९९९ मध्ये तेथील जाहिरातविषयक स्वनियमन संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला आणि हा शब्द सैल झाला. ‘सेमी-सिंथेटिक’ डब्यात सिंथेटिकचे प्रमाण किती, हे तर डब्यावर सहसा लिहिलेलेही नसते.

डब्यावर काय वाचावे?

म्हणूनच मोठ्या अक्षरांतील ‘सिंथेटिक’पेक्षा लहान अक्षरांतील तीन खुणा अधिक महत्त्वाच्या ठरतात. पहिली, ग्रेड. ‘१० डब्ल्यू-३०’मधील ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. पहिला आकडा जितका कमी, तितके ऑइल थंडीत सहज वाहते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा दाखवतो. १० डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत ‘जाड ऑइल चांगले’ म्हणून २० डब्ल्यू-५० ओतणे इंजिनाच्या हिताचे नाही, मायलेजही घटते.

दुसरी खूण ‘जासो’ या जपानी मानकाची. ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या मोटारसायकलींसाठी ‘एमए’ किंवा ‘एमए २’, तर गिअर नसलेल्या स्कूटरसाठी ‘एमबी’. मोटारीचे उत्तम सिंथेटिक ऑइल मोटारसायकलमध्ये घातले, तर त्यातील घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. मग इंजिन ओरडते, गाडी मात्र वेग घेत नाही. तिसरी खूण ‘एपीआय’ची: एसएल, एसएम, एसएन अशी. त्यातील पुढचे अक्षर नंतरचा दर्जा दाखवते. गाडीच्या पुस्तिकेतील किंवा त्यानंतरचा दर्जा चालतो.

कोणासाठी काय?

घर ते कचेरी असा रोज पंधरा-वीस किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला योग्य ग्रेडचे मिनरल ऑइल वेळेवर बदलले तरी पुरते. मात्र दिवसभर कोंडीत घरपोच वस्तू पोहोचवणारी गाडी, महामार्गावर तासन् तास वेगाने धावणारी गाडी किंवा अधिक ताकदीचे इंजिन यांच्याबाबतीत सिंथेटिकचे जादा पैसे कारणी लागतात. उत्पादकानेच सिंथेटिक सांगितले असेल, तर पर्यायच उरत नाही. मुंबई-पुण्याच्या हवेत थंडीतील सहज प्रवाहाचा लाभ मर्यादित. लडाखच्या पहाटे गाडी सुरू करणाऱ्याला तो लगेच जाणवतो.

घरापासून स्थानकापर्यंत दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीचे गणित वेगळे आहे. इंजिन पुरेसे तापतच नाही, त्यामुळे पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये साचत जाते. अशा वेळी किलोमीटर भरले नाहीत तरी पुस्तिकेतील महिन्यांची मुदत पाळायला हवी. ती चुकवण्याची सवलत सिंथेटिकही देत नाही.

काही समजुतीही तपासून घ्याव्यात. ऑइल काळे झाले म्हणजे ते संपले असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मिनरलवरून सिंथेटिकवर गेल्यास परत येता येत नाही, हाही गैरसमज आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात. मिसळल्याने लाभ तेवढा कमी होतो. मात्र रिंग झिजून निळसर धूर सोडणारे इंजिन महागड्या ऑइलने बरे होत नाही.

हिशेब खर्चाचा

समजा, गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर धावते आणि दर ६ हजारांनंतर ऑइल बदलायचे आहे. सिंथेटिकसाठी प्रत्येक वेळी ४०० रुपये जास्त मोजले, तर वर्षाचा फरक ८०० रुपये होतो. वर्षाला ३० हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी तोच २ हजार रुपये होतो. हा खर्च परवडत असेल, तर सिंथेटिकने नुकसान काहीच नाही. पण महाग ऑइल घातले म्हणून ते १० हजार किलोमीटरपर्यंत ताणणे आणि मधल्या काळात पातळी न पाहणे, यात बचत नसून धोका आहे. लिटरभर ऑइलमधील पाव लिटर जळून गेले, तर उरलेल्यावर ताण किती वाढतो, हे वेगळे सांगायला नको.

त्यामुळे गॅरेजमधील प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी पुस्तिका उघडून ग्रेड आणि मानक पाहावे, सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्यावा आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडावे, म्हणजे त्यात बनावट ऑइल भरले जाणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी मेन स्टँडवर लावून ऑइलची पातळी तपासण्यास पाच मिनिटे पुरतात. इंजिनाचे आयुष्य डब्यावरील नावापेक्षा या पाच मिनिटांवर अधिक अवलंबून असते.