‘गॅरंटर’च्या पोटातली ‘ग्रँट’

आम्ही मैंदर्गीच्या बचत गटातून बोलतोय. आज वही-पेन्सिल घेऊन बसा. इंग्रजीतले लांबलचक शब्द कसे ओळखायचे, ते आज आपण बघणार आहोत.

आधी आमच्यावर आलेली वेळ सांगतो. गटातल्या एका अक्कांनी ओळखीच्या बाईच्या कर्जाच्या कागदावर सही केली. अक्का सातवी शिकलेल्या. सहीच्या जागेखालचा शब्द त्यांनी अक्षरं लावून बघितला. जी, आर, ए, एन, टी ही अक्षरं दिसली. योजनांच्या फॉर्ममुळे ‘ग्रँट’ हा शब्द त्यांना ठाऊक होता. ग्रँट म्हणजे अनुदान, परत न करायचा पैसा. पण कागदावर होतं ‘गॅरंटर’, म्हणजे जामीनदार. पुढं त्या बाईचे हप्ते थकले आणि वसुलीवाले अक्कांच्या दारात आले. दोन शेळ्या विकून अक्कांनी हप्ते भरले.

आता गॅरंटरचं स्पेलिंग लिहा : जी-यू-ए-आर-ए-एन-टी-ओ-आर. यात जी, आर, ए, एन, टी ही पाचही अक्षरं आहेत, तीही ग्रँटच्याच क्रमानं! म्हणजे अक्कांना दिसलं ते खोटं नव्हतं. पण यू, ए, ओ, आर ही चार अक्षरं उरली होती, तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. त्या चार अक्षरांनी शब्दाचा अर्थच उलटा केला.

आमच्यातल्या बऱ्याच जणींनी इंग्रजी पाचवीत पहिल्यांदा पाहिली. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० सालापासून. त्यामुळं लांब शब्द दिसला की आपण पहिली दोन-चार अक्षरं बघतो आणि बाकीचा शब्द अंदाजानं धरतो. गटाच्या बैठकीत आम्ही यावर तीन पायऱ्या ठरवल्या.

पहिली पायरी, स्वर शोधा. मराठीत काय किंवा कन्नडात काय, काना-मात्रा-वेलांटी अक्षराला चिकटूनच असते. इंग्रजीत मात्र ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं वेगळी उभी असतात. त्यांच्याखाली पेन्सिलीनं टिंब द्या. लांब शब्दाचे तुकडे पडायला लागतात.

दुसरी पायरी, शेपूट ओळखा. टी-आय-ओ-एन आलं की उच्चार बहुतेक वेळा ‘शन’. एम-ई-एन-टी आलं की ‘मेंट’ : पेमेंट, स्टेटमेंट, ॲग्रीमेंट. शेपूट बाजूला काढलं की वाचायला थोडंच उरतं.

तिसरी पायरी, उरलेली अक्षरं मोजा. ओळखीचा शब्द आत सापडला म्हणून थांबायचं नाही. एक जरी अक्षर उरलं, तरी शब्द वेगळा असू शकतो. सही करण्याआधी विचारायचं.

सराव खेळातून होतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात आल्फ्रेड बट्स नावाच्या गृहस्थांचं काम सुटलं होतं. ते घरबांधणीचे नकाशे काढायचे. त्यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली, कोणतं अक्षर किती वेळा येतं ते पाहिलं आणि त्यावरून शब्द जुळवायचा खेळ बनवला. तोच पुढं ‘स्क्रॅबल’ म्हणून जगभर गेला. त्यात १०० चकत्या असतात, त्यातल्या २ कोऱ्या. उरलेल्या ९८ पैकी ४२ चकत्या नुसत्या स्वरांच्या! एकट्या ‘ई’च्या १२, आणि ‘क्यू’ची फक्त १. म्हणून तर आम्ही म्हणतो, आधी स्वर शोधा.

विकतचा खेळ लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापा, एकेकावर एक अक्षर लिहा. बैठकीत वसुली आणि हिशेब झाला की दहा मिनिटं बसा. एकीनं अक्षरं सांगायची, बाकीच्यांनी ती सगळी असलेला मोठ्यात मोठा शब्द शोधायचा. पोरांची डिक्शनरी जवळ ठेवा.

आमचं आवडतं कोडं : पाचही स्वर असलेला शब्द सांगा. युक्ती अशी. ‘शन’च्या शेपटात आय आणि ओ आयतेच मिळतात. मग ए, ई, यू एवढेच जमवायचे. एज्युकेशन : ई-डी-यू-सी-ए-टी-आय-ओ-एन. पाचही आले! शिक्षणाच्याच शब्दात सगळे स्वर. रेग्युलेशन आणि प्रिकॉशनही तसेच, म्हणजे नियम आणि खबरदारी. आणि बाजारातला फ्लॉवर? त्याचं पूर्ण नाव कॉलीफ्लॉवर : सी-ए-यू-एल-आय-एफ-एल-ओ-डब्ल्यू-ई-आर. त्यातही पाचही!

एक गोष्ट मात्र खेळाबाहेरची. कर्जाच्या अटी कर्जदाराला समजेल अशा भाषेत सांगाव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मराठीत किंवा कन्नडात मागून घ्या. जामीन राहणाऱ्या बाईनंही तो कागद आधी वाचून घ्यावा. समोरचा घाई करत असेल तर कागद घरी न्या, चार जणींना दाखवा. विचारण्यात कमीपणा नाही.

जाता जाता आणखी एक शब्द. गटाच्या वतीनं बँकेत सही करणाऱ्या बाईला म्हणतात ‘ऑथोराइज्ड सिग्नेटरी’. पहिला शब्द लिहा : ए-यू-टी-एच-ओ-आर-आय-एस-ई-डी. टिंबं द्या, मोजा. पाचही स्वर! यंदा आमच्या गटाच्या त्या सहीचा मान अक्कांकडं आहे. त्या पेन्सिल घेऊनच बँकेत जातात.

येतो आम्ही. नमस्कार.