विश्लेषण : ‘लॉसलेस’ प्लॅन घेऊनही घरातले गाणे पूर्वीसारखेच का वाजते?

महागडा प्लॅन घेतला, सेटिंगमध्ये ‘लॉसलेस’ सुरू केले, पण दिवाणखान्यातल्या स्पीकरवर गाणे कालच्यासारखेच वाजले, असा अनुभव अनेक घरांत येतो. मग कोणी नवी केबल सुचवतो, कोणी हजारो रुपयांचा डॅक, तर कोणी वेगवान ब्रॉडबँड. प्रत्यक्षात सर्व्हरपासून कानापर्यंतच्या साखळीत सर्वात कच्चा दुवा जेवढा, तेवढाच आवाज चांगला ऐकू येतो. तो दुवा कोणता आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत, याविषयी…

‘लॉसलेस’ म्हणजे नेमके काय?

गाणे डिजिटल स्वरूपात साठवताना ध्वनिलहरींचे दर सेकंदाला हजारो नमुने घेतले जातात. सीडीसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, असे ठरले. माणसाच्या कानाला ढोबळमानाने २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकू येते आणि सर्वोच्च वारंवारितेच्या दुपटीहून अधिक नमुने घेतल्यास ती लहर पूर्णपणे पुन्हा उभी करता येते. ४४,१०० हा आकडा या गणितात बसतो. अशा स्टीरिओ ध्वनीसाठी सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते.

एमपी३, एएसी, ऑग व्हॉर्बिस या पद्धती कानाला सहसा जाणवणार नाही असा भाग गाळून फाइल लहान करतात. गाळलेला भाग परत मिळत नाही. याउलट फ्लॅक किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅलॅकमध्ये काहीही न गाळता फाइल आवळली जाते आणि ऐकताना मूळ माहिती जशीच्या तशी उलगडते. हेच लॉसलेस. अ‍ॅपल म्युझिकने जून २०२१ मध्ये ही सोय जादा शुल्काविना दिली. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये ती जाहीर केली आणि नोव्हेंबरमध्ये भारतात ‘प्लॅटिनम’ या वरच्या प्लॅनमध्ये आणली.

मग फरक ऐकू का येत नाही?

पहिले कारण सेटिंगचे. प्लॅन घेतला म्हणून दर्जा आपोआप बदलतोच असे नाही. स्पॉटिफायमध्ये लॉसलेस प्रत्येक उपकरणावर वेगळे सुरू करावे लागते. वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांसाठीचे पर्यायही वेगवेगळे असतात. दर्जा ‘ऑटो’वर असेल तर नेटवर्क मंदावताच अ‍ॅप गुपचूप खालच्या दर्जावर उतरते.

दुसरे आणि मोठे कारण ब्लूटूथ. फोनपासून स्पीकरपर्यंत आवाज पाठवताना ब्लूटूथ तो पुन्हा एकदा आवळते आणि या वेळी काही भाग गाळूनच. सर्वत्र चालणारी एसबीसी पद्धत साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जाते. सोनीची एलडॅक ९९० किलोबिटपर्यंत पोहोचते, पण ती फोन आणि स्पीकर दोन्हींत हवी. आयफोन तर एसबीसी आणि एएसी याच पद्धती वापरतो. थोडक्यात, टाकीपर्यंत मोठी पाइपलाइन आणली, पण नळाला बारीक नळी जोडली, अशी ही गत. ब्लूटूथ स्पीकर वाईट असतो असे नाही, मात्र केवळ त्यावर ऐकणाऱ्याने लॉसलेससाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

ब्लूटूथला पर्याय काय?

पहिला पर्याय वायफायचा. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गुगल कास्टमध्ये फोन फक्त रिमोटचे काम करतो, गाणे स्पीकर स्वतः इंटरनेटवरून थेट घेतो. त्यामुळे मधला ब्लूटूथचा टप्पा टळतो आणि फोन वाजला तरी गाणे थांबत नाही. मात्र आपला स्पीकर लॉसलेस स्वीकारतो का, हे खरेदीपूर्वी तपासावे.

दुसरा पर्याय तारेचा आणि स्वस्तही. अनेक घरांत माळ्यावर जुनी म्युझिक सिस्टीम धूळ खात पडलेली असते. तिचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ठणठणीत असतील तर फोनला यूएसबी-सी डॅक डोंगल, त्यातून ‘ऑक्स’ केबल, एवढ्यावर काम भागते. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरवरून करावे. टीव्हीचा साउंडबार असेल तर तो ब्लूटूथऐवजी एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल केबलने जोडावा आणि गाणी ऐकताना ‘मूव्ही’, ‘सराउंड’ असे मोड बंद ठेवावेत.

डॅक, केबल आणि वेगवान इंटरनेट यांचा उपयोग किती?

डॅक म्हणजे डिजिटल माहितीचे विद्युत लहरींत रूपांतर करणारी चिप. ती फोन, लॅपटॉप, टीव्ही आणि ब्लूटूथ स्पीकर या प्रत्येकात असतेच. वेगळा डॅक उपयोगी पडतो तो फोनला हेडफोन जॅक नसेल, लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर येत असेल किंवा हेडफोनला अधिक ताकद लागत असेल तेव्हा. या अडचणी नसतील तर महागड्या डॅकने होणारा बदल कानाला क्वचितच कळतो.

डिजिटल केबलमधून शून्य आणि एक जातात. ते नीट पोहोचले तर गाणे जसेच्या तसे वाजते. नाही पोहोचले तर आवाज तुटतो किंवा टकटक येते, ‘थोडा कमी गोड’ होत नाही. त्यामुळे चालू स्थितीतली साधी यूएसबी केबल महागड्या केबलएवढेच काम करते. इंटरनेटचेही तसेच. सीडी दर्जाच्या लॉसलेसला दीड एमबीपीएसहून कमी वेग पुरतो. सर्वात वरच्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ दर्जाची माहिती न आवळताही सुमारे ९.२ एमबीपीएस भरते. म्हणजे ४० एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घराला गाण्यांसाठी वरचा प्लॅन घेण्याची गरज नाही. मोबाइल डेटावर मात्र जपून. ३२० किलोबिटने तासाला १४४ एमबी खर्च होतो, तर लॉसलेसने अंदाजे साडेतीनशे ते चारशे.

‘हाय-रेझ’ खरोखर ऐकू येते का?

सीडीहून वरच्या दर्जाला ‘हाय-रेझ’ म्हणतात. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हाय-रेझ ध्वनी तसाच आणि सीडी दर्जावर उतरवून, असा कोणता ते न सांगता श्रोत्यांना ऐकवण्यात आला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळपास नाणेफेकच. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के होते, प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. फरक असलाच तर तो इतका बारीक आहे. घरातल्या पंख्याच्या आवाजात तो शोधणे कठीणच.

सर्वाधिक फरक कशाने पडतो?

स्पीकर कुठे ठेवला आहे, यावर. फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेच्या खिडक्या आवाज परतवतात. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहिल्यास मागे उमटणारा झणकार कानाला कळतो. तोच झणकार गायकाच्या शब्दांवर साचतो. जाड पडदे, सतरंजी, सोफा, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी तो कमी होतो.

खर्जाची गोष्ट वेगळी. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल तर सुमारे ५६ हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी तिथे घुमतो. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांनी तोच स्वर घुमत असल्याने दोष अधिक जाणवतो. पडद्यांनी हा घुमारा जात नाही, स्पीकर आणि बसण्याची जागा हलवून तो कमी होतो. त्यासाठी काही साध्या गोष्टी पाहाव्यात :

– स्पीकर कोपऱ्यात किंवा शोकेसच्या खणात कोंबू नयेत. भिंतीपासून निदान फूटभर पुढे घ्यावेत.
– दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा.
– स्पीकरमधला लहान गोल, म्हणजे ट्विटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावा.
– डोके मागच्या भिंतीला टेकवून ऐकू नये. तिथे खर्ज फुगतो.
– स्पीकरखाली रबराचे तुकडे ठेवावेत. टेबलाचा थरथराट कमी होतो.

यातल्या बहुतेक गोष्टींना रुपयाही लागत नाही.

जुन्या गाण्यांना लॉसलेसचा फायदा होतो का?

मूळ ध्वनिमुद्रणात जेवढे आहे, तेवढेच लॉसलेस पोहोचवते. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरची काही दशके ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची होती. त्या काळच्या नाट्यपदांतली खरखर लॉसलेसमध्ये अधिक इमानदारीने ऐकू येते, एवढेच. तिथे प्लॅनपेक्षा चांगली आवृत्ती शोधणे महत्त्वाचे. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या वेगवेगळ्या प्रतींवरून, वेगवेगळ्या संस्करणातून आलेल्या असू शकतात आणि त्यांतला फरक ३२० किलोबिट आणि लॉसलेस यांतल्या फरकाहून कितीतरी मोठा असतो.

जादा पैसे मोजावेत की नाही, हे कसे ठरवावे?

घरच्या घरी चाचणी करून. ओळखीचे गाणे निवडावे आणि घरातल्या कोणाला तरी न सांगता कधी ३२० किलोबिट, कधी लॉसलेस असा दर्जा बदलायला सांगावे. आवाजाची पातळी दोन्ही वेळा सारखीच हवी, कारण किंचित मोठा आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो. असे दहा वेळा करावे. दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर फरक खरोखर ऐकू येतो आहे असे मानता येईल, कारण निव्वळ अंदाजाने तसे होण्याची शक्यता सुमारे एक टक्का असते. पाच-सहाच बरोबर आली तर खालचा प्लॅन पुरेसा आहे. वाचलेले पैसे आधी चांगल्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर खर्च करावेत. आणि आवाज वाढवून दर्जा वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. प्लॅन पुन्हा घेता येतो, गेलेली श्रवणशक्ती मात्र परत मिळत नाही.