आधी बाळ, मग घराणं

दत्तकाच्या वादात नागपूरचं राज्य गेलं. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी कुणाला दत्तकही घेतलं नव्हतं. राणीवशाने नात्यातल्या यशवंतरावांना दत्तक घेऊन त्यांचं नाव जानोजी ठेवलं. नवऱ्याच्या मागे विधवेने दत्तक घेणं महाराष्ट्रात रूढीला धरून होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने मात्र ते मानलं नाही आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा झालं. पुढे १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जानोजींना ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब दिला, पण राज्य काही परत मिळालं नाही.

या सगळ्या खटपटीत त्या मुलाला काय हवं होतं, हे कुणीच विचारलं नव्हतं. राजवाडा असो की वाडा, दत्तक घ्यायचा तो घराण्यासाठी. गादी चालवायला, इस्टेट सांभाळायला, पितरांचं श्राद्ध करायला मुलगा हवा. मुलगी दत्तक घेण्याचा प्रश्न सहसा उद्भवतच नसे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेता येऊ लागलं. तरी नातेवाइकांतली देवाणघेवाण हाच दत्तकाचा मुख्य मार्ग राहिला, आणि तो कायदा फक्त हिंदू, बौद्ध, जैन व शिखांपुरता होता. अनाथ, टाकून दिलेल्या किंवा पालकांनी स्वाधीन केलेल्या बाळांसाठी आज चालतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा. तो कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू आहे. कोणत्या घराला मूल हवंय, यापेक्षा या बाळाला कोणतं घर मानवेल, हा प्रश्न तो आधी विचारतो. दत्तक प्रक्रियेतल्या जवळजवळ प्रत्येक किचकट वाटणाऱ्या अटीचं मूळ इथे आहे.

आज नागपुरातल्या एखाद्या जोडप्याने बाळ घ्यायचं ठरवलं, तर त्यांना कुठल्याही अनाथाश्रमाच्या दारात जाऊन बाळ ‘पसंत’ करता येत नाही. केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, याच्या ‘केअरिंग्ज’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र अशी कागदपत्रं तिथेच चढवायची. लग्नाला किमान दोन वर्षं झालेली असावीत. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, एकट्या पालकाचं वय ४० पर्यंत. मूल मोठं असेल तशी ही मर्यादा वाढते. पालक आणि मूल यांच्या वयात निदान २५ वर्षांचं अंतर हवं. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही.

मग घरी येतात समाजसेविका. या गृहभेटीची धास्ती बहुतेक जोडप्यांना असते. घरातली भांडी लपवावीत की नवे पडदे लावावेत, इथपर्यंत चर्चा होते. प्रत्यक्षात त्यांना फ्लॅट किती मोठा आहे यापेक्षा घरातली माणसं समजून घ्यायची असतात. मूल न होण्याचं दुःख दोघांनी पचवलंय का? की रिकामी जागा भरायला बाळ हवंय? सासूबाईंना विचारलंय का, त्या काय म्हणाल्या? दोघंही नोकरीला गेल्यावर बाळाजवळ कोण असेल? बाळ सावळं असलं तर? आजोबा त्याला ‘आमच्या रक्ताचं नाही’ म्हणाले तर तुम्ही काय कराल? या प्रश्नांवर जी जोडपी अडखळतात, त्यांना अनेकदा पुन्हा समुपदेशनाला बोलावलं जातं. त्यात गैर काही नाही. बाळ घरी आल्यावर अडखळण्यापेक्षा ते आधी झालेलं बरं.

गृहभेटीचा अहवाल मान्य झाला की रांग लागते, आणि खरी कसोटी इथेच असते. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली. रांगेतले पालक ३० हजारांहून अधिक आहेत. लहान, निरोगी बाळासाठी तीन वर्षं किंवा त्याहून जास्त थांबावं लागतं. सोडून दिलेलं प्रत्येक बाळ लगेच दत्तकाला उपलब्धही होत नाही. आईने स्वतःहून बालकल्याण समितीसमोर बाळ स्वाधीन केलं, तर मन बदलायला तिला ६० दिवस मिळतात. सापडलेल्या बाळाच्या पालकांचा आधी शोध घेतला जातो. रांगेत थांबलेल्यांना हे दिवस लांब वाटतात, पण जन्मदात्या आईचा हक्क सांभाळूनच दत्तक पुढे जायला हवं.

नंबर लागला की पोर्टलवर बाळाचा फोटो, वैद्यकीय अहवाल आणि माहिती दिसते. ४८ तासांत होकार कळवून बाळ राखून ठेवायचं. मग संस्थेत भेट होते, डॉक्टरांना अहवाल दाखवता येतात, आणि होकार पक्का झाला की बाळ ‘दत्तकपूर्व संगोपना’साठी घरी येतं. पूर्वी अंतिम आदेश न्यायालय देत असे. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. त्या आदेशाने बाळ सर्व अर्थांनी त्या आईवडिलांचं होतं, जन्मदाखल्यावरही त्यांचीच नावं लागतात. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका चौकशीला येते.

रांगेचा कंटाळा येऊन काही जण आडवाटेला जातात. एखादी नर्स किंवा ओळखीचा कुणी ‘बाळ आहे, पैसे द्या, दाखल्यावर तुमचंच नाव घालतो’ म्हणतो. २०२२ मध्ये नागपूर पोलिसांच्या मानवी तस्करीविरोधी पथकाने अशी नवजात बाळांच्या विक्रीची प्रकरणं उघडकीस आणली. त्यात विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. बाळ परत काढून घेतलं जातं, आणि एव्हाना त्याला ओळखीचा झालेला वास आणि आवाजही त्याच्यापासून तुटतो. संस्थेला द्यायची रक्कम सरकारने ठरवून दिलेली आहे. त्यापलीकडे कुणी मागितली, तर सरळ तक्रार करावी.

घरी आलेल्या मुलाला सत्य कधी सांगायचं, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. समुपदेशकांचा सल्ला ठाम असतो: सांगायचा ‘दिवस’ ठरवूच नका. बाळाला कळत नसतानाच ‘तुला आम्ही घरी आणलं तो दिवस’ ही गोष्ट सांगू लागा. त्याला ते शेजाऱ्याकडून किंवा शाळेत भांडणात कळलं, तर आईवडिलांवरचा विश्वासच हादरतो. मोठेपणी आपलं मूळ शोधण्याचा हक्कही कायद्याने त्याला दिला आहे.

पण ज्यांना कुणीच मागत नाही, त्यांचं काय? अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी मूकबधिर, दृष्टिहीन, मतिमंद अशा १२३ अनाथ मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नागपूर रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक मूकबधिर मुलगी त्यांच्याकडेच वाढली. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात तिचं लग्न झालं, तेव्हा कन्यादान तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केलं आणि वरपक्षाकडून जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे उभे राहिले. जळगाव स्थानकावर सापडलेली आणि वझ्झरलाच वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये एमपीएससी उत्तीर्ण झाली आणि तिची नेमणूक नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली.

थोडं मोठं किंवा विशेष गरजा असलेलं मूल घ्यायची तयारी असलेल्या पालकांना इतकं थांबावं लागत नाही, कारण अशा मुलांसाठी फारशी रांग नसते. दत्तकाचा निर्णय लगेच घेणं जड जात असेल, तर सहा वर्षांवरच्या मुलाला ‘प्रतिपालकत्व’ योजनेत घरी आणता येतं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही हे करता येतं, आणि दोन वर्षं एकत्र राहिल्यावर त्याच मुलाला दत्तक घेता येतं. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी.