भंगाराची निळी छायाचित्रे

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जो माल जमिनीवर अंथरलेला असतो, त्यात दात झिजलेली घड्याळाची चक्रे, कुलपांवाचून उरलेल्या किल्ल्या, दांडी तुटलेले चष्मे, बुचे हरवलेल्या बाटल्या अशा कित्येक जिनसा असतात, की ज्यांचा उपयोग केव्हाच संपला आहे आणि ज्यांचा भाव विक्रेत्यालाही गिऱ्हाइकाचा चेहरा पाहूनच ठरवावा लागतो. या जिनसा घरी आणून, कॅमेऱ्याची मध्यस्थी टाळून, सरळ प्रकाशग्राही कागदावर ठेवावयाच्या आणि उन्हाकडून त्यांचे चित्र काढवून घ्यावयाचे, असा एक उद्योग मी गच्चीवर चालविला आहे, त्याची ही हकीकत.

कृती जुनी आहे. जॉन हर्शल या इंग्रज ज्योतिर्विदाने १८४२ साली ती शोधली, ॲना ॲटकिन्स या विदुषीने पुढच्याच वर्षापासून तिच्या साहाय्याने सागरी शैवालांची चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि कालांतराने नकाशांच्या नकला काढण्यासाठी ती देशोदेशींच्या बांधकाम कचेऱ्यांत रुजू झाली. जुन्या दफ्तरांत निळ्या भूमीवर पांढऱ्या रेषांचे जे आराखडे सापडतात ते तिचेच. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणे निरनिराळ्या बाटल्यांत ठेवून ऐन वेळी समभाग मिसळावयाची आणि पिवळ्या दिव्याच्या मंद उजेडात जाड कागदावर फासावयाची. ब्रशला पत्र्याची पट्टी नसलेली बरी, कारण लोखंडाच्या स्पर्शाने निळे ठिपके उमटतात. अंधारात वाळलेला कागद पिवळसर हिरवा दिसतो.

कष्टाचे काम यापुढचे, मांडणीचे. वस्तूच्या अंगी असलेल्या सर्व सनदा, मग ती किंमत असो, कारागिरी असो की कुणाची आठवण असो, येथे रद्द होतात. तिने किती प्रकाश अडविला आणि किती जाऊ दिला एवढ्याचीच रुजुवात कागद घेतो. तीही आपल्या डोळ्यांच्या हिशेबाने नव्हे, कारण या कागदावर मुख्यतः जांभळ्यापलीकडचे अदृश्य किरण कार्य करतात. त्यामुळे लाल बांगडीचा तुकडा आणि लोखंडी कडी यांच्या छाया जवळजवळ सारख्याच पांढऱ्या उमटतात, निळ्या बांगडीतून मात्र प्रकाश निसटतो. औषधाचे उजेडापासून रक्षण करण्यासाठीच घडविलेली तपकिरी बाटली रिकामी झाल्यावरही आपली चाकरी सोडत नाही, आणि साधी पांढरी बाटली आपल्या वक्र भिंतींतून प्रकाशाच्या अशा काही वळ्या पाडते की चित्रकाराने त्या हेतुपूर्वक काढावयाच्या म्हटले तर साधणार नाहीत. बसच्या पातळ तिकिटावरची अक्षरे पुसटशी उमटतात. मच्छरदाणीच्या जाळीचा जो भाग कागदाला टेकलेला असतो तिथे धागा न् धागा मोजून घ्यावा, आणि जिथे ती उचललेली असते तिथे धुके. सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे याचा असा पुरावा मला शाळेत कुणी दाखविला नव्हता.

वैशाखातल्या दुपारी हे सारे काही मिनिटांत उरकते, ढगाळ दिवशी अर्धा तासही पुरत नाही. घड्याळापेक्षा रंगावर विसंबावे: हिरव्याचा निळा होतो आणि पुढे पितळेवर धूळ बसावी तसा तो करडा पडतो, तेव्हा कागद उचलावा.

भंगाराला या विद्येत प्रथम मान दिला तो ख्रिश्चन शाड या जर्मन चित्रकाराने. १९१९ साली जिनिव्हात त्याने फाटकी तिकिटे, पावत्या, चिंध्या असला केर प्रकाशग्राही कागदावर मांडून लहान लहान चित्रे केली आणि त्यांच्या कडाही वेड्यावाकड्या कापल्या. अर्धशतकानंतर, १९७२ साली, अर्व्हिंग पेन याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरची सिगारेटची थोटके वेचून त्यांची मोठ्या आकाराची प्लॅटिनम छायाचित्रे काढली, व ती १९७५ साली तेथील आधुनिक कलेच्या संग्रहालयात मांडली गेली. पेनचे कसब अद्वितीय आहे हे मान्य करूनही माझे मत शाडच्या बाजूला पडते. पेनची थोटके भग्न स्तंभांसारखी भव्य होतात, म्हणजे त्यांना थोटकेपणा सोडावा लागतो. शाडचा केर केरच राहतो आणि तरीही पाहावासा वाटतो.

कागद धुण्यास साधे पाणी पुरते; न पालटलेले पिवळे क्षार वाहून जातात, छाया पांढरी होते, आणि भोवतालचा निळा वाळता वाळता आणखी गडद होत जातो. ज्यांना हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. धुण्याच्या सोड्याचा किंवा साबणाचा हात कागदाला लागू देऊ नये, कारण क्षाराने हा निळा उडतो. आणि चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. चुकून टांगले व ते फिके पडले, तर काही दिवस अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवावे, म्हणजे रंग बऱ्याच अंशी परत येतो.