मोफत चाचणीची मुदत संपल्यावर

चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमध्ये, राजीव गांधी सालैवर, ‘के सेव्हन कॉम्प्युटिंग’ या अँटिव्हायरस कंपनीचं मुख्यालय आहे. जे. केशवर्धनन यांनी ती १९९१मध्ये सुरू केली. पुण्यात काटकर बंधूंची ‘क्विक हील’ उभी राहिली तीही याच दशकात. अशा सॉफ्टवेअरची मोफत चाचणी आवृत्ती साधारणपणे ३० दिवस चालते.

खरा धोका त्यानंतरचा. मुदत संपली तरी पडद्याच्या कोपऱ्यातलं चिन्ह तसंच राहू शकतं, पण नव्या व्हायरसच्या ओळखखुणा उतरवून घेणं सहसा थांबतं. रोज नवे व्हायरस येत असताना महिनाभर जुनी यादी फारशी कामाची नाही. काही कंपन्यांची चाचणी आवृत्ती तर व्हायरस दाखवते, तो काढायला मात्र पैसे मागते.

मुदत वाढवून देणारे ‘क्रॅक’ कधीही वापरू नका. त्यांतूनच अनेकदा व्हायरस येतो. चाचणीसाठी कार्डाचा तपशील दिला असेल, तर आपोआप होणारं नूतनीकरण तपासा. विकत घ्यायचं नसेल, तर मुदत संपलेलं सॉफ्टवेअर काढून टाका. विंडोज १० आणि ११मध्ये दुसरं अँटिव्हायरस नसलं, की मायक्रोसॉफ्टचं ‘डिफेंडर’ मोफत काम करतं. ते चालू झाल्याची खात्री आजच करून घ्या.